गप्प राहता येतं, खोटं बोलता येत नाही

पत्राचा सारांश: बेळगाव तालुक्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा बावीस वर्षांचा, आयटीआय झालेला, उद्यमबागेत (बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत) एका फौंड्रीत कामाला. गावाच्या वेशीवरच्या फलकावरून दोन गटांत बाचाबाची झाली, ती हाणामारीवर गेली, एका तरुणाच्या डोक्याला टाके पडले. मुलगा तेव्हा तिथं होता आणि त्यानं मोबाइलवर थोडं शूटिंगही केलं. काही दिवसांनी पोलिस स्टेशनातून फोन आला, ‘मुलाला घेऊन या, स्टेटमेंट द्यायचंय, तुम्हीही या.’ थोरले दीर पूर्वी पंचायतीत होते. ते म्हणतात, ‘साहेब ओळखीचे आहेत. सगळं खरं सांगायचं, सही करायची नि घरी यायचं. गप्प बसला तर चोराच्या मनात चांदणं असंच वाटणार.’ मुलाचे मित्र म्हणतात, ‘तोंडच उघडायचं नाही, नावसुद्धा सांगायचं नाही.’ आई विचारतात: तो त्या संध्याकाळी तापानं घरी झोपून होता असं मी सांगितलं तर? व्हिडिओ डिलीट करावा का? त्याला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. मग सही कशावर करायची? आम्ही मराठी, आमचं ऐकणार कोण? आणि गप्प राहणं म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखंच नाही का?

ताई,

तापाची गोष्ट डोक्यातून काढून टाका. तुमच्या पत्रातल्या त्या एका वाक्यानं मला सगळ्यात जास्त काळजी वाटली, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

आईला मुलाला पाठीशी घालावंसं वाटणारच. पण त्या संध्याकाळी तो कुठं होता, हे सांगणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. फौंड्रीच्या गेटवर त्याची हजेरी लागलेली असेल, येताना मोबाइल वेशीजवळच्या टॉवरला लागलेला असेल. आणि आजकाल कुठंही भांडण झालं की चार जण मारत असतात नि दहा जण शूटिंग करत असतात. त्यातल्या एकाच्या व्हिडिओत कडेला उभा असलेला तुमचा मुलगा दिसला, की त्यानं कुणाला हात लावला नसला तरी ‘मग घरच्यांनी खोटं का सांगितलं?’ हा प्रश्न केस संपेपर्यंत मागं लागतो. त्यानंतर तो जे खरं सांगेल, तेही कुणी खरं मानत नाही. शिवाय गुन्हा करणाऱ्याला वाचवण्यासाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे. त्यात आईला सूट नाही. म्हणजे घरात एक केस होती, तिथं दोन होतील.

आता गप्प राहण्याबद्दल. तुमच्या दिरांना वाटतं, सज्जन माणसानं सगळं सांगून मोकळं व्हावं. मित्रांना वाटतं, दगडासारखं बसावं. दोघांच्याही मनात गप्प राहणं म्हणजे पोलिसांशी पंगा घेणं आहे. एकाला तो नको आहे, दुसऱ्याला हवा आहे. कायद्यात तसं काही नाही. तिथं गप्प राहणं म्हणजे एखाद्या ठरावीक प्रश्नाला, सभ्यपणे, कारण सांगून उत्तर न देणं.

संविधानाच्या कलम २०(३) मध्ये लिहिलं आहे की गुन्ह्याचा आरोप असलेल्या कुणावरही स्वतःच्याच विरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. हे फक्त कोर्टाच्या पिंजऱ्यापुरतं आहे, असं पुष्कळांना वाटतं. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांना पोलिसांनी लेखी प्रश्नांची यादी दिली होती. त्यांनी उत्तरं दिली नाहीत, म्हणून त्यांच्यावर खटला भरला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७८ साली न्यायालयानं स्पष्ट केलं की हे संरक्षण पोलिस चौकशीपासूनच सुरू होतं आणि ज्याच्यावर संशय आहे त्यालाही ते मिळतं. मुख्यमंत्री राहिलेल्या बाईंना जो हक्क आहे, तोच फौंड्रीत राबणाऱ्या पोराला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास, अटक, जामीन कसा चालतो ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम १८० मध्येही ते आलं आहे: पोलिसांच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यायला माणूस बांधील आहे, पण ज्या उत्तरामुळे त्याच्यावरच गुन्हा, दंड किंवा जप्ती येण्याचा संभव आहे, ते सोडून. त्या एका वाक्यात खरं बोलण्याचं बंधनही आहे आणि न बोलण्याची मोकळीकही आहे. म्हणून गप्प राहणं म्हणजे कबुली नव्हे. गुन्हा सिद्ध करण्याचं काम पोलिसांचं आहे, ते काम तुमच्या मुलाच्या तोंडून करून घ्यायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘पण त्यानं काही केलंच नसेल, तर सांगायला काय हरकत?’ असं तुमचे दीर विचारतील. हरकत कुठं येते ते बघा. अशा भांडणाच्या एफआयआरमध्ये बहुतेक वेळा चार-पाच नावं असतात आणि पुढं ‘व इतर दहा-पंधरा जण’ असं लिहिलेलं असतं. त्या ‘इतर’मध्ये कोण, हे नंतर कुणाकुणाच्या जबाबातून भरलं जातं. आता तुमच्या मुलाला साधा प्रश्न येतो, ‘कितीजण होता रे तुम्ही?’ तो म्हणतो, ‘असू वीसेक.’ झालं, तो ‘तुम्ही’मध्ये मोजला गेला. पाच किंवा जास्त जण एका बेकायदा हेतूनं जमले की तो बेकायदेशीर जमाव ठरू शकतो, आणि त्या हेतूपायी जमावातल्या एकानं काठी मारली तरी जमावातला प्रत्येक जण त्या गुन्ह्याला जबाबदार धरला जाऊ शकतो. न्याय संहितेची कलमं १८९ आणि १९० तेच सांगतात. बघायला उभा राहणं आणि जमावात असणं यातला फरक कोर्टात वकील तासभर मांडतो. घाबरलेलं पोर तो एका ‘आम्ही’त घालवून बसतं. पुढचा प्रश्न, ‘काठी कुणाच्या हातात होती?’ त्यानं नीट पाहिलेलं नसतं, पण काही तरी सांगायलाच हवं असं वाटून तो म्हणतो, ‘बहुतेक अमक्याच्या.’ ते ‘बहुतेक’ कागदावर उतरत नाही, नाव तेवढं उतरतं. वकिली करताना निर्दोष पोरं अशीच अडकलेली मी पाहिली आहेत, खोटं बोलून नाही तर अंदाजानं बोलून.

काही जण सांगतील, पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, मग घाबरायचं कशाला? हे अर्धं खरं आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे पोलिस अधिकाऱ्यापुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. पण ताब्यात असताना त्यानं सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, काठी म्हणा, दुसऱ्याचा मोबाइल म्हणा, तर तेवढा भाग येतो. आणि कोर्टात काही आलं नाही तरी तपासाची दिशा त्या बोलण्यावरून ठरते, जामिनाला विरोध त्यावरून होतो, आरोपपत्रात कुणाची नावं घालायची ते त्यावरून ठरतं.

मित्रांचं म्हणणं मात्र साफ चुकीचं आहे. नाव आणि पत्ता सांगायचाच. तो लपवला तर साध्या प्रकरणातही ताब्यात घ्यायला पोलिसांना कारण मिळतं. बोटांचे ठसे, फोटो, सही किंवा अक्षराचा नमुना याला ‘मला गप्प राहायचा हक्क आहे’ हे उत्तर लागू पडत नाही. ती स्वतःविरुद्धची साक्ष नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६१ सालीच सांगितलं आहे. उलट नार्को चाचणी, खोटं पकडायचं मशीन, मेंदूची चाचणी ही माणसाच्या संमतीशिवाय करता येत नाही. २०१० चा तो निकाल ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या प्रकरणातला, म्हणजे आपल्याच राज्यातल्या खटल्यातला आहे. तेव्हा कुणी ‘नार्को करू’ म्हणून दम दिला तर घाबरू नका. आणि बोलावणं टाळणं, गावाला निघून जाणं, मोबाइल बंद ठेवणं हे गप्प राहण्याच्या हक्कात बसत नाही. रीतसर नोटीस आली की जायचंच.

रीतसर नोटीस म्हणजे काय, इथंच सगळी मेख आहे. तुम्हाला फोन आला. फोन म्हणजे नोटीस नव्हे. साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर सुरक्षा संहितेच्या कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो. संशयित म्हणून बोलवायचं असेल, पण लगेच अटक करायची नसेल, तर कलम ३५(३) ची नोटीस लागते. ३५ ची ही नोटीस नुसती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. हा कागद का मागायचा? कारण त्यावरच्या कलमावरून कळतं की पोलिस तुमच्या मुलाकडे बघणारा म्हणून पाहतात की करणारा म्हणून. ते कळल्याशिवाय काय बोलायचं नि काय नाही, ते वकिलालाही ठरवता येत नाही. ३५ च्या नोटिशीप्रमाणे तो ठरल्या वेळी हजर राहत गेला, तर त्या गुन्ह्यात त्याला सहसा अटक करता येत नाही. करायचीच तर पोलिसांना कारणं लिहावी लागतात. नोटीस मोडली तर मात्र तेच अटकेचं कारण होतं.

फोनवर वाद घालू नका. ‘येणार नाही’ म्हणू नका. मुलानं एवढंच म्हणावं, आणि त्याला येतं तर कन्नडमध्येच म्हणावं: ‘नोटीस कोडरी साहेबरं, बरतीनरी.’ नोटीस द्या, येतो. बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी कॉन्स्टेबल कागद घेऊन येतो. नाहीच दिली आणि फोन येतच राहिले, तर वकिलाला बरोबर घेऊन जाऊन यावं आणि गेल्याची वेळ लिहून ठेवावी. अडून बसण्यापेक्षा ते बरं.

तुम्हाला स्वतःला मात्र पोलिस स्टेशनला जायची गरज नाही. साक्षीदार म्हणून बाईला, साठीच्या वरच्या किंवा पंधरा वर्षांखालच्या पुरुषाला, अपंग माणसाला, तीव्र आजार असलेल्याला त्याच्या राहत्या घराबाहेर बोलावता येत नाही, असं तेच कलम १७९ सांगतं. तुमच्याकडून काही विचारायचं असेल तर त्यांनी घरी यावं. सीमाभागातल्या कितीतरी आयाबहिणी ‘तुम्हीही या’ म्हटलं की डोक्यावर पदर घेऊन रात्री नऊपर्यंत बाकावर बसून राहतात. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या वाचक बायकांनीही हे लक्षात ठेवावं.

आता सहीचं. ‘सही करून ये’ हा दिरांचा सल्ला कायद्याच्या उलट आहे. तपासात पोलिसांपुढं दिलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायचीच नसते. सुरक्षा संहितेच्या कलम १८१ मध्ये तसं लिहिलं आहे. सही लागते ती दुसऱ्या कागदांवर: नोटीस मिळाल्याची पोच, मोबाइल जप्त केल्याचा पंचनामा, अटकेचा मेमो, जामिनाचा बाँड. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. आणि कन्नडमध्ये लिहिलेला कागद पुढं आला तर आधी सांगायचं, ‘कन्नड ओदाक बरंगिल्लरी’, म्हणजे कन्नड वाचता येत नाही, आणि वाचून, समजावून द्यायला सांगायचं. तरी सही करणं भागच पडलं, तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहायचं: ‘मला कन्नड वाचता येत नाही. हा मजकूर मला मराठीत समजावून सांगितलेला नाही.’ खाली तारीख आणि वेळ. पुढं कोर्टात या दोन ओळी किती कामाला येतात, हे वकिलांना विचारा. समजावून सांगितला असेल तर ‘अमक्यांनी समजावून सांगितला’ असं लिहावं, कारण इथंही खरंच लिहायचं आहे.

अटक झालीच, तर कारणं लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतात. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. लगेच लेखी देणं शक्य नसेल तर आधी तोंडी सांगायचं, पण रिमांडसाठी मॅजिस्ट्रेटपुढं नेण्याच्या निदान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. हा निकाल सीमाभागातल्या मराठी माणसानं पाठ करून ठेवावा असा आहे. बाकी नियम तुम्ही ऐकलेले असतील: घरच्यांना किंवा मित्राला कळवणं, अटकेच्या मेमोवर घरच्या किंवा वस्तीतल्या माणसाची साक्ष, वैद्यकीय तपासणी, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं. मुलगा अठराच्या आतला असता तर गोष्ट वेगळी होती. त्याला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही.

‘आम्ही मराठी, आमचं ऐकणार कोण?’ हा प्रश्न मी हलक्यानं घेत नाही. १ नोव्हेंबरला इथली मराठी माणसं पाळतात त्या काळ्या दिनानंतर घातलेल्या केसेस आणि २०१४ साली येळ्ळूर गावच्या फलकावरून झालेला लाठीमार इथल्या घराघरांत आठवणीत आहे. ती भीती कुणी तुमच्या मनात भरवलेली नाही. पण एक विनंती आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे; तो तुमच्या मुलाला पोलिस स्टेशनच्या बाकावर बसून लढायचा नाही. तिथं कुणी भाषेवरून डिवचलं आणि रागाच्या भरात हा समोरच्या समाजाबद्दल काही बोलून गेला, तर तेढ वाढवण्याचं न्याय संहितेचं कलम १९६ आयतंच जोडायला मिळतं. आणि हेही खरं, की त्या भांडणातल्या दुसऱ्या गटातली कन्नड पोरंही आज अशीच बोलावली जात असतील. कलम २०(३) त्यांनाही तेवढंच लागू आहे. बेळगावात मराठी कळणारे पोलिस भरपूर आहेत. मोडक्या कन्नडमध्ये उत्तरं देऊन अर्थाचा अनर्थ करण्यापेक्षा ‘साहेब, मी मराठीत सांगतो’ असं पहिल्यांदाच म्हणावं.

खोलीत बसल्यावर काय म्हणायचं, ते घरी मोठ्यानं म्हणून बघायला हवं. मनात ठरवलेलं तिथं आठवत नाही. मी पोरांना असं सांगते: ‘साहेब, नाव, पत्ता, कामाचं ठिकाण मी सांगितलं. बोलावलं तेव्हा आलो, पुढंही येईन. पण या प्रश्नाचं उत्तर दिलं तर माझ्यावरच केस येऊ शकते, म्हणून मी ते वकिलांना विचारून देतो.’ तेच वाक्य, त्याच आवाजात, कितीही वेळा. मध्येच एका प्रश्नाला ‘हो’, दुसऱ्याला ‘माहीत नाही’, तिसऱ्याला गप्प, असं करायचं नाही; त्यातून उत्तरांपेक्षा जास्त अर्थ निघतात. ‘माहीत नाही’ हे तर खरोखर माहीत नसेल तेव्हाच. आणि कागद मिटल्यानंतर चहा येतो, साहेब उठून जातात, शेजारचा हवालदार आपुलकीनं विचारतो, ‘खरं काय झालं रे बाळा? मी काय लिहून घेत नाही.’ त्या वेळचं बोलणंसुद्धा बोलणंच आहे. चहा घ्यावा, थँक्यू म्हणावं, वाक्य तेच ठेवावं.

कायदा कागदावर आहे आणि रात्रीची खोली वेगळी असते, हे मला माहीत आहे. मुलाला धमकावलं, मारलं, तर तिथं प्रतिकार करायचा नाही. पण मॅजिस्ट्रेटपुढं उभं केल्यावर, विचारोत न विचारोत, ते सांगायचं, आणि वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना प्रत्येक जखम दाखवायची. पोलिस स्टेशनात कॅमेरे बसवून रेकॉर्डिंग जपून ठेवावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. म्हणून वेळा लिहून ठेवा. आत किती वाजता गेला, बाहेर किती वाजता आला, कोण साहेब होते.

हे काम तुमच्या दिरांना द्या. ते वाईट सांगत नाहीत. त्यांच्या पंचायतीच्या काळात ओळखीनं मिटवण्यासारखी भांडणं असायची, तेव्हा ते चाललंही असेल. इथं डोक्याला टाके आहेत आणि एफआयआर आहे. त्यांनी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन मुलाच्या वतीनं काहीही ‘समजावून’ सांगू नये. त्यांनी बाहेर बाकावर बसावं, वही घेऊन. आणि आधी एफआयआरची प्रत मिळवावी. संवेदनशील गुन्हे सोडून एफआयआर पोलिसांच्या वेबसाइटवर टाकायचा असतो. त्यात मुलाचं नाव आहे की ‘व इतर’ आहे, ते बघावं.

वकील पाहिजेच. चौकशी चालू असताना, पूर्ण वेळ नसला तरी, आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटायचा हक्क अटक झालेल्याला सुरक्षा संहितेच्या कलम ३८ नं दिला आहे. अटकेची शक्यता दिसत असेल तर त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा विचार वकील करतील. पैशांची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात त्याची समिती असते, आणि १५१०० या नंबरवर फोन करता येतो. बाईला आणि कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. तुम्ही स्वतः जाऊन विचारू शकता.

व्हिडिओ डिलीट करू नका. पुरावा म्हणून लागेल असं माहीत असून तो पुसणं हा न्याय संहितेच्या कलम २४१ चा गुन्हा आहे, आणि पुसलेलं परत काढता येतं. कुणाला पाठवूही नका, स्टेटसला तर नाहीच. रस्त्यात कुणी मोबाइल उघडून दाखव म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणता येतं. मोबाइल तपासायला साधारणपणे कोर्टाचं वॉरंट लागतं, असं कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२१ साली सांगितलं आहे. मात्र त्याच निकालात पासवर्ड देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे, असंही म्हटलं आहे. म्हणून कोर्टाचा आदेश घेऊन आले तर अडवू नका. पंचनाम्यावर मोबाइलचा आयएमईआय नंबर लिहिलाय का, ते मात्र बघा.

तुम्ही शेवटी लिहिलं आहे, ‘त्या पोराच्या आईचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही.’ टाके पडलेल्या त्या मुलाबद्दल तुम्हाला असं वाटतं, म्हणूनच हे सांगायला मला अवघड जात नाही: गप्प राहण्याचा हक्क खरं दडपण्यासाठी नाही. तुमच्या मुलानं काठी मारणाऱ्याला खरोखर पाहिलं असेल, आणि त्याच्यावर स्वतःवर काही येत नाही असं वकिलाचं मत पडलं, तर त्यानं साक्षीदार म्हणून बोलावं असं मला वाटतं. पोलिस स्टेशनात घाईनं नव्हे. वकिलाबरोबर बसून, पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं करून, मुद्देसूद. पाहिजे तर सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली मॅजिस्ट्रेटपुढं जबाब नोंदवता येतो. त्याच्या व्हिडिओनं एखादा निर्दोष सुटूही शकतो. आणि त्याच्यावर काही येण्यासारखं असेल, तर आज गप्प राहून पुढं काय करायचं, नुकसानभरपाई, तडजोड, माफी, हे वकिलाच्या सल्ल्यानं ठरवता येईल. घाईनं सगळं अंगावर घेतलं की ती दारंही बंद होतात.

आता तुमच्याबद्दल. मुलानं त्या संध्याकाळविषयी तुम्हाला जे सांगितलं, असं तुम्ही लिहिलं होतं, ते मी वरच्या सारांशातून मुद्दाम गाळलं आहे. का, ते ऐका. नवरा-बायकोतलं बोलणं कायद्यानं झाकलेलं आहे. वकील आणि अशिलातलं झाकलेलं आहे. आई-मुलातलं झाकलेलं नाही. उद्या पोलिस घरी येऊन ‘तो तुम्हाला काय म्हणाला?’ असं विचारतील, तर त्या उत्तरानं गुन्हा तुमच्यावर येत नाही, त्याच्यावर येतो, म्हणून गप्प राहण्याची मोकळीक तुम्हाला तिथं पुरत नाही. खोटं तर सांगायचंच नाही. हा पेच मला स्वतःला क्रूर वाटतो, पण कायदा सध्या असा आहे. म्हणून यापुढं त्याला खोदून खोदून विचारू नका. रात्री जेवताना विषय निघाला तर ‘हे वकिलांना सांग’ म्हणा. दिरांनाही तेच सांगा, मित्रांना तर नक्कीच. त्यानं सगळं, शब्द न् शब्द, एकदाच सांगावं, आणि ते वकिलापुढं.

पोलिस घरी आलेच, तर दारात उभं ठेवू नका, बसायला सांगा. तुम्ही स्वतः डोळ्यांनी काय पाहिलं तेवढं सांगा; वेशीवर तुम्ही नव्हतात, तर नव्हतात. बाकीच्या प्रश्नांना ‘वकिलांशी बोलून सांगते’ म्हणायला हरकत नाही, कारण काय सांगणं बंधनकारक आहे नि काय नाही, ते विचारून घेण्याचा हक्क तुम्हालाही आहे. ते गेल्यावर कोण आले होते, किती वाजता, काय विचारलं, ते त्याच वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती वही घेऊन वकिलाकडे जा.